गडगडाट कुणाचा?

केलर्स फोर्ड, नेब्रास्का
१२ मे १९५१

लायमन,

तू येऊ नकोस. एवढी एकच ओळ लिहून पाकीट चिकटवणार होते, पण मी तुझी मोठी बहीण आहे. नको म्हटलेली गोष्ट तू मुद्दाम करतोस, हे तू शेंबडा होतास तेव्हापासून मला ठाऊक आहे. म्हणून कारणही लिहिते.

चार जुलैला गावात 'गडगडाट दिन' करायचं ठरलंय, हे मला चर्चच्या पायरीवर क्लॉड बिक्स्बीच्या तोंडून कळलं. बापाचं धान्याचं कोठार हातात आल्यापासून त्या माणसाला गावासाठी काहीतरी भव्य करायची खाज सुटलेली आहे. बँड लागणार, शाळेतली पोरं झेंडे घेऊन उभी राहणार, आणि नेब्रास्कानं पाहिलेला सगळ्यात वेगवान पिचर लायमन 'गडगडाट' ऑर्कट इतक्या वर्षांनी आपल्या बेसबॉलच्या मैदानावर चेंडू टाकणार म्हणे. "आणि समोर झेलायला, कॅचर म्हणून, कोण बसणार, ते विचार ना व्हर्ना," बिक्स्बी म्हणाला. मी विचारलं नाही. तरी त्यानं सांगितलंच.

आईला पुरलं तेव्हा तुला यायला जमलं नव्हतं. त्या दिवशी बँड ठेवायला हवा होता, चुकलंच आमचं.

घरी आले तर माझा नवरा माळ्यावरची पेटी खाली काढून बसलेला. मांडीवर तो जुना हातमोजा, बाजूला चामड्याच्या तेलाची बाटली. इतक्या मायेनं काही पुसताना मी एनॉकला पूर्वी पाहिलंय, पण तेव्हा त्याच्या मांडीवर व्हायोलिन असायचं. ते आम्ही कधीच विकलं. तुला कोण सांगणार आणि तू कशाला विचारणार.

"एकच तर चेंडू आहे," तो मला म्हणाला.

"आणि झेलायला हात कुठाय तुला?"

"हा काय." त्यानं डावा हात वर करून दाखवला, जणू मी तो पहिल्यांदा बघत होते.

तू तो शेवटचा पाहिलास तेव्हा सुजलेला होता. सूज उतरल्यावर आत काय निघालं ते ऐक. पहिलं बोट मधल्यावर चढलंय, अंगठा मुळापासून बाहेर गेलाय, करंगळी सरळ होत नाही. शर्टाची बटणं मी लावते. गाईची धार तो उजव्यानं काढतो आणि डावा नुसता टेकवतो, आणि गाईनंही आता ते समजून घेतलंय. डॉक्टर लुंडीननं बजावलंय की या हातावर परत मार बसला तर जुळवायला त्यात काही शिल्लक नाही.

हा हात मी सांभाळत आलेय. तू आलास की तो पुन्हा तुझ्यासमोर जाऊन उकिडवा बसेल आणि मला तो अडवता येणार नाही. म्हणून तुला अडवते. बिक्स्बीला तार कर, पाठ धरली म्हणून सांग. लोक विश्वास ठेवतील, साठीला आलास.

व्हर्ना स्ट्राउड

ता. क. तुझी वर्तमानपत्रातली कात्रणं मी ठेवलेली नाहीत. होती ती उंदरांनी खाल्ली.


२ जून १९५१

लायमन,

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. 'एकच चेंडू, तोही अलगद टाकीन,' म्हणतोस. आणि वर लिहितोस, 'हात काय, सगळ्याच कॅचरांचे मोडतात व्हर्ना, ते त्या कामातच आहे.'

हे वाचून मी उठले, अंगणात गेले आणि वाळत घातलेली सतरंजी बडवली. मग पुन्हा येऊन बसले.

तुझा चेंडू वेगवान होता. मी खोटं बोलणार नाही. बाबांनी कोठाराच्या दारावर कोळशानं चौकट काढून दिली होती आणि तू त्यातली फळी फोडलीस, तेव्हा मी पाण्याची बादली घेऊन तिथंच उभी होते. तुझा हात खाली आला आणि दार वाजलं. मधलं काही मला दिसलंच नाही. बाबा ओरडायचे सोडून फळीतल्या भोकातून पलीकडचा मका बघत राहिले.

पण दार वाजायचं, लायमन. मैदानात दार नव्हतं. पहिल्या मोसमात तुझा चेंडू हातमोज्यात बसायचा तेव्हा पिठाचं पोतं पडल्यासारखा आवाज यायचा, धप्प. लोक शेंगा सोलत बसायचे. समोरचे बॅटवाले तुला घाबरत नव्हते, कारण घाबरण्यासारखं त्यांना काही ऐकूच येत नव्हतं.

मग एका संध्याकाळी एनॉकनं माझी शिवणाची कात्री मागून घेतली आणि हातमोज्याच्या तळव्याची शिवण उसवली. आतले घोड्याचे केस मुठी-मुठीनं बाहेर काढले. मी विचारलं, "अरे, मग हाताला काय राहिलं?"

"चामडं राहिलं की."

"आणि हे कशासाठी?"

"लायमनसाठी. समोरच्या बॅटवाल्यांच्या पोटात गोळा आला पाहिजे."

पुढच्या शनिवारी त्यानं तुझा पहिला चेंडू उघड्या तळव्यावर घेतला, मनगटाला जरासा झटका देऊन. तो आवाज आठवतो? कठड्यापलीकडे गाड्यांना जुंपलेले घोडे बिथरले. लोकांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. त्या दिवशी गावानं तुझं नाव 'गडगडाट' ठेवलं. तो तांबूस केसांचा धिप्पाड हेगे आठव. एनॉकनं नुसताच हातमोज्यात गुद्दा हाणला आणि हेगेनं जीव खाऊन बॅट फिरवली. चेंडू अजून तुझ्याच हातात होता! सगळं मैदान हसलं, तूही हसलास. कशाला हसलो आपण, याचा तू कधी विचार केलास का?

या गावाला जे आठवतं ते तुझ्या चेंडूचं नाही. चेंडू कुणाला दिसतच नव्हता. त्यांना आठवतो तो आवाज, आणि तो आवाज माझ्या नवऱ्याच्या हाडांचा होता.

मोसम अर्धा झाला तेव्हा त्याला रात्री हात उशीवर ठेवून झोपावं लागे. रायमर खाटकाला दया आली आणि तो दर शनिवारी मांसाचा एक जाड तुकडा देऊ लागला. तो हातमोज्यात तळव्याखाली घालायचा. आवाज थोडा दबायचा, पण पुरायचा. सामना संपला की तो तुकडा घरी यायचा आणि मी तो धुऊन, मीठ चोळून तव्यावर टाकायचे. फेकून द्यायची ऐपत कुणाची होती? तुझ्या चेंडूंनी कुटून इतका मऊ केलेला असायचा की दात नसलेल्या माझ्या सासूबाईसुद्धा दुसऱ्यांदा मागून घ्यायच्या.

आता त्या शनिवारचं. पूर्वेकडून खेळाडू हेरणारा तो माणूस आला होता, करड्या हॅटवाला. त्या दिवशी आवाज असा आला की बायकांनी पोरांचे कान झाकले. सामना संपल्यावर एनॉकचा हात बर्फाच्या बादलीत होता आणि मी त्याचा कोट झटकत होते. खिशात रायमरचा कागद. आत तुकडा, जसाच्या तसा.

"हे काय?" मी विचारलं.

"घालायला विसरलो."

मी तो तळला. त्या मोसमातलं सगळ्यात चिवट मांस होतं ते. बुटाच्या तळव्यासारखं. एनॉकला कापता येईना, मीच कापून घास घास भरवला.

त्या हॅटवाल्यानं तुझा हात हातात घेतला आणि एनॉकच्या हाताकडे पाहून त्याला म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. 'मी एनॉकशिवाय जाणार नाही' असं अख्खा हिवाळा माझ्याच स्वयंपाकघरात बसून बडबडणारा तू, गाडीच्या खिडकीतून रुमाल हलवत गेलास.

एनॉक हॅट विसरतो, वाढदिवस विसरतो. ते मांस तो विसरणार नाही. त्याला ते काढायला कुणी सांगितलं? एका ओळीत उत्तर दे. पत्र मोठं नको.

व्हर्ना


२५ जून १९५१

लायमन,

मी विचारलं काय आणि तू पाठवलंस काय. चॉकलेटचा डबा! त्याबरोबर एक चिठ्ठी, त्यात ओहायोतल्या हवेचं वर्णन. चॉकलेटं मी शेजारच्या मिसेस क्वीलच्या पोरांना वाटली. एक खाल्लं. बरं होतं.

तू येतोयस हे बिक्स्बीनं गावभर केलंय. तेव्हा ऐकून ठेव.

माझ्या घरी उतरायचं नाही. हॉटेलवर उतर, गावानं खोली दिलीय ना.

हातमोज्यात मांस असेल. मी स्वतः घालीन. एनॉकला सांगून झालंय, तो हो म्हणाला आहे, अर्थात त्याच्या हो म्हणण्यावर मी किती विसंबायचं ते मला कळतं.

अलगद टाकणार म्हणालास ते पाळ. तू कसा फुगतोस ते मला माहीत आहे. पाच लोक बघायला उभे असले की तुझी मान आपोआप ताठ होते. त्या दिवशी अख्खा जिल्हा असेल.

आणि शेवटचं, यासाठीच लिहायला बसलेय. बिक्स्बी भोंगा लावणार आहे. तुला त्यात बोलायला सांगतील. त्यात सांग की आवाज कुणाचा होता. दोन वाक्यं. एनॉकचं नाव आणि त्याच्या हाताचं नाव. मला तुझ्याकडून बाकी काही नकोय. तू एवढं केलंस तर घराचं दार उघडं असेल, जेवायला येऊ शकतोस. नाही केलंस तर तुझी-माझी शेवटची भेट स्टेशनावर झाली असं मी समजेन.

एनॉक रोज संध्याकाळी हातमोज्याला तेल लावतो आणि शीळ घालतो. त्याची शीळ मी किती वर्षांनी ऐकली! त्याचाच मला जास्त राग येतो.

व्हर्ना


६ जुलै १९५१

लायमन,

काल सकाळच्या गाडीनं तू धूम ठोकलीस असं कळलं. न्याहारीलाही थांबला नाहीस. तेव्हा जे तोंडावर बोलायचं होतं ते पोस्टानं घे.

तू चेंडू टाकायच्या मातीच्या उंचवट्यावर होतास, मी कठड्याला टेकून होते. दोन्हीकडून वेगवेगळं दिसतं.

म्हातारा रायमर त्या दिवशी सकाळी पोराच्या हातातून सुरी घेऊन स्वतः उठला. "मापानं कापतो. तो तळहात मला पाठ आहे," म्हणाला. मी तुकडा हातमोज्यात घातला, एनॉकचा हात त्यावर बसवला. बोटं आत जाईनात, एकेक करून ढकलावी लागली. तो हसत होता. लग्नाच्या दिवशी अंगठी माझ्या बोटात जाईना तेव्हा हसला होता, तसाच.

मग तू टाकलास. सगळे उभे राहिले होते. बँडवाल्यानं झांजा धरून ठेवल्या होत्या. तुझा हात वर गेला, तोच जुना फिरका, आणि मीही टाचा उंचावल्या, खोटं कशाला सांगू. आणि चेंडू आला, लायमन. मला दिसला. त्याची शिवणसुद्धा दिसली. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझा चेंडू दिसला. तो हातमोज्यात पडला आणि आवाज आला, धप्प.

आधी वाटलं, दिलेला शब्द पाळला. मग मी तुझा चेहरा पाहिला. तू अलगद टाकलाच नव्हतास. होतं नव्हतं ते सगळं लावून टाकला होतास.

मागून कुठलंसं पोर म्हणालं, "एवढंच?" आणि त्याच्या आईनं त्याला चापट मारली.

एनॉक उठला. हातमोज्यातून मांस काढलं आणि हळूहळू चालत माझ्याकडे आला. "हे धर, व्हर्ना."

"एनॉक, नको. माझं ऐक. नको."

"धर गं."

सगळं गाव बघत होतं. मी धरलं. नव्या पांढऱ्या हातमोज्यांत मी रक्ताळलेला मांसाचा तुकडा धरून उभी, आणि माझा नवरा परत जाऊन त्याच जागी उकिडवा बसला आणि त्यानं हातमोज्यात गुद्दा हाणला. तुझा दुसरा चेंडू पहिल्याहूनही हळू होता. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण त्यानं तो तळव्यावर घेतला, त्या मनगटाला तोच झटका देऊन, आणि कडाड! बिक्स्बीची हॅट उडाली. म्हातारे रडायला लागले. "आहे! अजून आहे!" म्हणत लोक कठड्यावरून उड्या मारून धावले, तुझ्याकडे. एनॉक तिथंच बसून होता. हात पोटाशी धरून.

मग तुझ्या तोंडापुढे भोंगा आला. मी दोन वाक्यांची वाट बघत होते. तू हॅट काढलीस आणि म्हणालास, "हात अजून गेलेला नाही, मित्रांनो."

कुणाचा हात, लायमन?

आणि संध्याकाळी तू माझ्या जाळीच्या दाराबाहेर उभा राहिलास, ती हॅट छातीशी धरून. मी दार उघडलं नाही. तू जाळीला तोंड लावून म्हणालास, "मीच सांगितलं होतं व्हर्ना. त्या शनिवारी. 'मांस काढ, आवाज मरतो,' असं म्हणालो होतो मी." किती हळू म्हणालास! शेजारी मिसेस क्वील व्हरांड्यात बसली होती, तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. दुपारी तुझ्यापुढे भोंगा होता, सगळा जिल्हा होता, तेव्हा बोलला नाहीस. अंधारात बहिणीच्या कानात बोललास. ही कबुली नव्हे. हे ओझं माझ्या दारात टाकून पळणं आहे.

मधलं बोट पुन्हा मोडलं. डॉक्टर लुंडीननं फळी बांधली आणि मलाच रागावला.

व्हर्ना


२१ जुलै १९५१

लायमन,

तुझं पत्र आणि बिक्स्बीचं पत्र एकाच दिवशी आलं. त्याला वाचनालयात काचेचं कपाट करायचंय आणि त्यात 'गडगडाट ऑर्कटचा हातमोजा' ठेवायचाय. तूही तेच मागतोस. तो तुझा हातमोजा कधी होता? तू त्यात हात तरी घातलास का कधी?

दोन्ही पत्रं मी एनॉकला वाचून दाखवली. तू जाळीतून जे बोललास तेही सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं. मला वाटलं, खचेल. तो फळीवरचा हात मांडीवर घेऊन मटार सोलत होता, एका हातानं, दातांची मदत घेत.

"मला काय सांगतेस," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं त्यानं, मला माहीत नसेल?"

"आणि तू काढलंस!"

"काढलं. हात माझा होता, व्हर्ना. तो आवाज पूर्ण कसा येतो ते मलाही एकदा ऐकायचं होतं."

"आणि चार जुलैला?"

त्यानं आणखी एक शेंग दातांनी उघडली. "पहिला चेंडू सुटला तेव्हाच मला कळलं, त्याच्याकडे काही उरलेलं नाही. पोरगं एकटं उभं होतं तिथं. सगळं गाव बघत होतं. काय करायचं मी?"

पोरगं म्हणाला तुला. मी उठून आत गेले. मला तुमच्या दोघांचाही इतका राग आला की कपबश्या आपटल्या आणि एक फुटली. आईच्या सेटातली. एनॉकनं तुला माफ केलंय, असं नाही. तो तुझ्यावर कधी रागावलाच नव्हता. म्हणजे रागवायचं काम माझ्या एकटीवर आलं आणि ते मी इतकी वर्षं दोघांच्या वाटचं केलं. मी थकलेय, लायमन. पण अजून सोडलेलं नाही.

तर हातमोज्याचं. तो मिळेल. अट माझी आहे. एनॉकला विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

ऑगस्टातल्या दुसऱ्या रविवारी ये. चर्च सुटलं की लोक मैदानावर येतील, बिक्स्बीला मी भोंगा लावायला सांगितलंय. कशासाठी ते सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याला झोप नाही. हातमोजा तू घालायचास आणि त्या पांढऱ्या पाटीमागे, एनॉकच्या जागी, तू उकिडवा बसायचास. गुडघे दुखतील. दुखू देत. उंचवट्यावर एनॉक उभा राहील. त्याचा उजवा हात धडधाकट आहे. हल्ली तो जेवणानंतर बाबांच्या कोठारामागे जातो आणि दार वाजतं. त्याला वाटतं, मला ऐकू येत नाही.

रायमरला मी सांगून ठेवलंय, तुला काही द्यायचं नाही. तळव्यात चामडं असेल आणि तू असशील. पहिला चेंडू बसला, हात झणझणला, की तशाच हातात भोंगा धर आणि त्या शनिवारी एनॉकला काय म्हणाला होतास ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांग. शब्द बदलायचे नाहीत. मग तो हातमोजा बिक्स्बीच्या कपाटात ठेवा नाही तर आणखी कुठं, नाव मात्र त्यावर एनॉकचं हवं.

आला नाहीस तर मी पुन्हा लिहिणार नाही.

आलास तर मैदानातून सरळ घरी ये. जाळीचं दार उघडं असेल. तळलेलं मांस असेल. हल्ली मी ते लाकडी हातोडीनं कुटते, पण पूर्वीसारखं मऊ होत नाही. तुझा हात सुजलेला असेल, सुरी धरता येणार नाही. मी कापून देईन. मला सवय आहे.

व्हर्ना